१४ जानेवारीच्या चौकोनात कोण कोण राहतं

जानेवारीचं पान उघडलं की कॅलेंडरवर १४ तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरांची दाटी दिसते. मकर संक्रांत असते. पानिपतच्या लढाईचा स्मृतिदिन असतो. मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार दिन, भूगोल दिन, माजी सैनिक दिन हेही त्याच दिवशी. एकाखाली एक वाचताना वाटतं, हे सगळं त्या तारखेला कायमचं बांधलेलं आहे. पण यातली प्रत्येक गोष्ट वेगळ्या मापाने तिथे येऊन पोचली आहे. कुणाला सूर्याने आणलं, कुणाला इंग्रजी तारखेने, कुणाला सरकारच्या निर्णयाने. त्यामुळे काही गोष्टी १४ लाच राहणार आहेत आणि काहींचा मुक्काम आताच हलायला लागला आहे. डिसेंबर संपत आला की पुण्यात घरोघरी विचारणा सुरू होते, ‘यंदा संक्रांत चौदाला की पंधराला?’ या एका प्रश्नाचं उत्तर नीट समजून घेतलं तर बाकीचा चौकोनही आपोआप उलगडतो.

आपले बहुतेक सण चंद्राच्या हिशोबाने चालतात. गणेश चतुर्थी भाद्रपद शुद्ध चतुर्थीला, लक्ष्मीपूजन आश्विन अमावास्येला. चंद्राच्या बारा महिन्यांचे सुमारे ३५४ दिवस होतात, इंग्रजी वर्षापेक्षा अकरा कमी. म्हणून हे सण दर वर्षी अकराएक दिवस अलीकडे येतात आणि अडीच-पावणेतीन वर्षांनी अधिक महिना पडला की पुन्हा पुढे जातात. संक्रांतीला मात्र चंद्राचं काही बंधन नाही, त्या दिवशी तिथी कोणतीही असू शकते. सूर्य धनु राशीतून मकर राशीत शिरतो तो क्षण म्हणजे संक्रमण, आणि त्याचा पुण्यकाळ ज्या दिवशी येतो ती संक्रांत. इंग्रजी कॅलेंडरही सूर्यावरच चालतं, म्हणून दोघांची जोडी बरीच जमते.

बरीच जमते, पूर्ण नाही. २०२३ साली सूर्य मकरेत गेला तो १४ जानेवारीला रात्री पावणेनऊच्या सुमारास. रात्री संक्रमण झालं की पुण्यकाळ दुसऱ्या दिवशी धरतात, म्हणून त्या वर्षी महाराष्ट्रात संक्रांत १५ ला झाली. २०२४ मध्ये तर संक्रमणच १५ च्या पहाटे तीनच्या सुमारास झालं. २०२५ मध्ये ते १४ ला सकाळी नऊच्या आसपास आलं आणि २०२६ मध्ये १४ लाच दुपारी तीनच्या पुढे. हा क्षण दर वर्षी सुमारे सहा तास नऊ मिनिटांनी पुढे जातो. चार वर्षांत चोवीस तासांची भर पडते, तेव्हा कॅलेंडर फेब्रुवारीत २९ तारीख घालून ती फेडतं आणि संक्रमण पुन्हा मागे येतं. २०२४ च्या पंधरानंतर २०२५ ला चौदा आली ती यामुळे.

सहा तास फिटले, पण वरची नऊ मिनिटं उरतातच. चार वर्षांत ती सदतीसच्या आसपास होतात, शंभर वर्षांत पंधरा तासांच्या वर. शिवाय १९०० सारखं शतकाचं वर्ष लीप नसतं, तेव्हा संक्रांत एकदम एक दिवस पुढे ढकलली जाते. २००० ला ४०० ने भाग जातो म्हणून ते लीप होतं आणि आपण त्या धक्क्यातून सुटलो. २१०० लीप नसेल. सरासरी काढली तर साधारण ७२ वर्षांना एक दिवस पडतो. याचा पुरावा आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि तो दिवस मकर संक्रांतीचा होता. त्यांची जयंती आपण १२ लाच करतो, संक्रांत तिथून दोन दिवस पुढे निघून आली. २१०० नंतरची मुलं संक्रांतीची तारीख म्हणून १५ किंवा १६ पाठ करतील.

असं का होतं? भोवरा फिरता फिरता त्याचं डोकं हळूहळू गोल झुलायला लागतं, ते आपण लहानपणी पाहिलेलं असतं. पृथ्वीचा आसही तसाच झुलतो, फक्त एक फेरी पुरी करायला त्याला सुमारे २६,००० वर्षं लागतात. याला परांचन गती म्हणतात, आपल्या जुन्या ग्रंथांत अयनचलन. ऋतू ठरतात ते आसाच्या कलण्यावर आणि राशी ठरतात त्या मागच्या ताऱ्यांवर. आस झुलत असल्यामुळे ऋतूंचं वर्ष ताऱ्यांच्या वर्षापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी लहान पडतं. इंग्रजी कॅलेंडरने ऋतू धरले, संक्रांतीने तारे. दोघांत फट पडत जाते ती या वीस मिनिटांची.

आज प्रचलित असलेल्या गणिताने मागे गेलं तर इसवी सन २८५ च्या आसपास सूर्याचं उत्तरेकडे वळणं आणि त्याचा मकरप्रवेश एकाच वेळी होत होता. तेव्हा संक्रांतीला उत्तरायण म्हणणं अगदी काटेकोर होतं. आता सूर्य उत्तरेकडे वळतो २१-२२ डिसेंबरला, म्हणजे संक्रांतीच्या तेवीस-चोवीस दिवस आधीच. तरीही ‘संक्रांतीपासून दिवस मोठा होतो’ हे आजीचं वाक्य पुण्यात राहणाऱ्याने खोडून काढायची घाई करू नये. आपल्या अक्षांशावर डिसेंबरनंतर दिवस वाढतो तो आधी संध्याकाळच्या बाजूने. सूर्यास्त उशिरा व्हायला लागतो, १४ जानेवारीला तो सव्वासहाच्या सुमारास असतो. सकाळ मात्र जानेवारीच्या मध्यापर्यंत उलट उशिराचीच होत जाते, सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. ती लवकर उजाडायला लागते संक्रांत झाल्यावरच. पहाटे उठून काम करणाऱ्या बाईला जे दिसत होतं तेच ती सांगत होती.

आकाशात राशीच्या हद्दीवर काही रेघ मारलेली नाही. मोजायला सुरुवात कुठून करायची हे माणसांनी ठरवायचं असतं, आणि त्यावर पुण्यात एकेकाळी फार मनापासून वाद झाले. एकोणिसाव्या शतकात केरूनाना छत्रे यांनी प्रत्यक्ष आकाशाशी जुळणारं पंचांग हवं म्हणून पटवर्धनी पंचांग सुरू केलं आणि आरंभबिंदू रेवती नक्षत्रातल्या एका मंद ताऱ्याजवळ धरला. लोकमान्य टिळक हे केरूनानांचे विद्यार्थी. त्यांनी हाच पक्ष उचलून धरला आणि त्यातून आजचं टिळक पंचांग आलं. दुसरा पक्ष चित्रा ताऱ्याचा. तो तारा ठळक, सहज सापडणारा, त्याच्या बरोबर समोरचा बिंदू ही सुरुवात. दोन्ही बिंदूंत सुमारे चार अंशांचं अंतर आहे आणि सूर्य दिवसाला जवळपास एक अंश चालतो. म्हणून टिळक पंचांग पाळणाऱ्यांची संक्रांत १० जानेवारीला येते. पुण्यात आणि कोकणात अशी घरं आजही आहेत. शेजारच्या घरात अजून तीळ निवडणं चाललेलं असतं तेव्हा त्यांचा तिळगूळ वाटून झालेला असतो. एखाद्या वर्षी दोन पंचांगांचा अधिक महिना वेगळा पडला तर दिवाळीसुद्धा महिन्याच्या अंतराने होते.

स्वातंत्र्यानंतर सरकारने १९५२ मध्ये मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांगसुधारणा समिती नेमली. ‘केसरी’चे माजी संपादक ज. स. करंदीकर हे तिचे पुण्यातले सभासद होते. समितीने १९५५ मध्ये अहवाल दिला, त्यातून २२ मार्च १९५७ पासून भारताची राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली. राशींसाठी चित्रेचा पक्ष स्वीकारला गेला, पण दिनदर्शिकेचे महिने मात्र ऋतूंना बांधले. त्या हिशोबाने २२ डिसेंबर म्हणजे १ पौष आणि १४ जानेवारी म्हणजे २४ पौष, दर वर्षी, न चुकता. आकाशवाणीवर आणि सरकारी राजपत्रावर ही सौर तारीख येते. आपण ती ऐकतो आणि सोडून देतो याचं मला वाईट वाटतं. इतक्या विचाराने केलेली वस्तू इतकी कमी वापरात असावी, हे आपल्याला शोभत नाही.

या सगळ्या गणितात संक्रांतीचं खाणंपिणं कुठे बसतं, हेही पाहायला हवं. भोगीच्या आदल्या दिवशी मंडईत गेलात तर गाळ्यांवर एकाच भाजीचे सगळे जिन्नस मांडून ठेवलेले असतात: ओल्या हरभऱ्याचे घाटे, पावटा, घेवडा, छोटी काटेरी वांगी, गाजर, बोरं, उसाची करवं. यातलं काहीही राशीकडे बघून पिकत नाही. ते थंडीकडे बघून पिकतं. काटेरी हलव्याचं तर थंडीवाचून चालतच नाही. मंद निखाऱ्यावर परात ठेवायची, त्यात तीळ किंवा साबुदाणा घ्यायचा, चमच्याने थोडाथोडा पाक सोडायचा आणि बोटांनी दाणे हलवत राहायचं. पाक सुकला की पुन्हा चमचाभर. हवा कोरडी आणि गार असेल तर दाण्यावर बारीक काटे उभे राहतात. हवेत दमटपणा असला तर दाणे गुळगुळीत राहतात, हात कितीही तयार असो. नवी सून किंवा बोरनहाणाला बसलेलं बाळ जे हलव्याचे दागिने घालतं, त्यामागे कुणाची तरी दिवसेंदिवसांची बोटं भाजलेली असतात.

म्हणजे सणाचं ताट ऋतूचं आणि सणाचा मुहूर्त ताऱ्यांचा. आज दोघं एकत्र आहेत. याच हिशोबाने चालत राहिलं तर आणखी अठराशे वर्षांनी संक्रांत फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात जाईल आणि त्याच्याही पुढे कधीतरी उन्हाळ्यात. तेव्हा बाजरीच्या भाकरीचं आणि गुळाच्या पोळीचं काय करायचं, हे त्या काळच्या लोकांना ठरवावं लागेल. साहा समितीला ही अडचण दिसत होती. सण ऋतूंना धरून राहावेत यासाठीच तिची धडपड होती.

आता पानिपत. इथे पुणेकराने जरा थांबलं पाहिजे, कारण या शहरातल्या घराघरातली माणसं तिथे पडली. लढाई झाली १४ जानेवारी १७६१ रोजी, बुधवारी. तिथी पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२. ‘ऐन संक्रांतीच्या दिवशी’ असं वर्षानुवर्षं बोललं जातं आणि लिहिलंही जातं. वरचा हिशोब इथे लावून पाहा. १७६१ मध्ये सूर्य मकरेत गेला तो ९-१० जानेवारीच्या सुमारास. संक्रांत लढाईच्या चार दिवस आधीच होऊन गेली होती. आजची संक्रांत १४ ला येते म्हणून तेव्हाचीही १४ ला असणार, असं आपण धरून चाललो.

तो दिवस कुणी मुहूर्त पाहून निवडलेला नव्हता. नोव्हेंबरपासून मराठ्यांची छावणी पानिपतला अडकून पडली होती आणि रसद तुटली होती. लढाऊ सैनिकांबरोबर यात्रेकरू, बायकामुलं, बाजारबुणगे असा मोठा जमाव, आणि खायला काही नाही. उपाशी मरण्यापेक्षा लढून बाहेर पडू, या निर्णयाने ते १४ च्या सकाळी बाहेर आले. त्या वर्षीची संक्रांत त्या उपासमारीतच येऊन गेली असणार, ही गोष्ट मला लढाई संक्रांतीलाच झाली म्हणण्यापेक्षा जास्त भिडते. विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ दोघेही गेले. नानासाहेब पेशव्यांनी ते दुःख पाच महिने काढलं आणि २३ जून १७६१ रोजी पर्वतीवर देह ठेवला.

हा स्मृतिदिन पाळायचा कधी? तारखेने १४ जानेवारी, तिथीने पौष शुद्ध अष्टमी. दोन्ही बरोबर, पण दोन्ही एकत्र क्वचितच येतात. मागची पौष शुद्ध अष्टमी २०२५ च्या डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातच येऊन गेली होती. शिवजयंतीबद्दल आपल्याकडे तारीख की तिथी हा वाद आहेच, आणि तिथे आणखी एक गाठ आहे. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख जुन्या ज्युलियन कॅलेंडरची आहे. आज वापरतो त्या ग्रेगोरियन कॅलेंडरने तो दिवस १ मार्च १६३० येतो. इंग्रजांनी कॅलेंडर बदललं १७५२ मध्ये, म्हणून त्याआधीची कोणतीही इंग्रजी तारीख वाचताना ती कोणत्या कॅलेंडरची आहे हे विचारावं. पानिपत त्यानंतरचं असल्यामुळे तिथे ही भानगड नाही.

ज्युलियन कॅलेंडर पूर्ण गेलेलं नाही. रशिया, सर्बिया यांसारख्या देशांत ऑर्थोडॉक्स परंपरेतले लोक ‘जुनं नवं वर्ष’ १४ जानेवारीलाच साजरं करतात, कारण त्यांचा १ जानेवारी आपल्या १४ ला येतो. १७६१ मध्ये तो १२ ला येत होता आणि २१०१ पासून तो १५ ला जाईल. याचं कारण ताऱ्यांशी संबंधित नाही. ज्युलियन कॅलेंडर शतकाचं प्रत्येक वर्ष लीप धरतं, एवढंच. संक्रांतीचा हा शेजारी वेगळ्याच वाटेने आला आणि वेगळ्या वाटेने पण त्याच दिशेला चालला आहे.

नामविस्तार दिन कुठेही जाणार नाही, कारण तो आकाशाने नेमलेला नाही. तो माणसांनी लढून मिळवलेला आहे. औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यावं असा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत मंजूर झाला. त्यानंतर मराठवाड्यातल्या गावागावांत दलितांची घरं जाळली गेली, माणसं मारली गेली. पोचिराम कांबळे यांचा जीव गेला. १९७९ मध्ये नागपूरहून लाँग मार्च निघाला. मंजूर झालेला ठराव अंमलात यायला सोळा वर्षं लागली. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला पेटवून घेतलं आणि १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचं नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झालं. जुनं नाव ठेवून बाबासाहेबांचं जोडलं, म्हणून सरकारी भाषेत नामविस्तार. चळवळीतली माणसं आजही नामांतरच म्हणतात. दर वर्षी या दिवशी विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी लोक नतमस्तक व्हायला येतात. पुण्यातल्या ज्या घरांनी त्या सोळा वर्षांत मोर्चे काढले, तुरुंग पाहिले, त्यांच्या लेखी १४ जानेवारीचा पहिला अर्थ हाच आहे आणि तिळगूळ त्याच्या नंतर येतो. कॅलेंडरवर ही ओळ संक्रांतीच्या खाली, बारीक टायपात असते. ती कधीतरी त्याच मापाच्या अक्षरांत दिसावी.

माजी सैनिक दिनाचा हिशोब सरळ आहे. फील्ड मार्शल करिअप्पा १५ जानेवारी १९४९ रोजी लष्करप्रमुख झाले, पहिले भारतीय. चार वर्षांनी, १४ जानेवारी १९५३ रोजी ते निवृत्त झाले. म्हणून १५ हा सेना दिन आणि त्याच्या आदल्या दिवशी निवृत्त सैनिकांचा. दक्षिण मुख्यालय पुण्यातच असल्यामुळे इथे हे दोन दिवस जाणवतात, आणि २०२५ मध्ये तर सेना दिनाचं मुख्य संचलनच खडकीला झालं. भूगोल दिन हा भूगोलाचे अभ्यासक प्रा. चं. धुं. देशपांडे यांचा जन्मदिवस, महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजांतून साजरा होतो. सूर्याच्या संक्रमणाच्या दिवशीच तो यावा हा योगायोग शिक्षकांनी सोडू नये. पृथ्वीच्या आसाचं झुलणं शिकवायला वर्षात यापेक्षा चांगला दिवस नाही.

२०२७ ची तयारी करायची असेल तर आत्ताच सांगून ठेवतो. त्या वर्षी संक्रमण १४ जानेवारीला रात्री नऊच्या सुमारास होतं, २०२३ सारखंच. त्यामुळे संक्रांत शुक्रवारी, १५ ला धरली जाईल आणि गुरुवारी १४ ला भोगी येईल. सुगडं, वाण यांची खरेदी त्या बेताने करा. पानिपतचा दिवस, नामविस्तार दिन आणि माजी सैनिक दिन गुरुवारीच असतील. घरात टिळक पंचांग असेल तर तुमची संक्रांत त्याआधीच, १० तारखेच्या सुमारास झालेली असेल. पंचांग विकत घेताना जानेवारीच्या पानावर फक्त तारीख पाहू नका, संक्रमणाची वेळ आणि पुण्यकाळाची ओळ वाचा. ती दोन-तीन ओळींचीच असते.